वैयक्तिक कारणास्तव

गेल्या महिन्यात आमच्या सोसायटीच्या हॉलमध्ये एक व्याख्यान झालं. विषय होता, ‘पन्नाशीनंतर नोकरी गेली तर?’ पुढच्या दोन रांगा पन्नाशी ओलांडलेल्यांनी भरल्या होत्या आणि त्यातला प्रत्येक जण दुसऱ्या कुणासाठी तरी ऐकायला आल्यासारखा बसला होता. वक्ते बोलले छान. आवाज मोकळा, विनोद जागच्या जागी. म्हणणं थोडक्यात असं, की नोकरी जाणं ही घटना आहे, तिचं दुःख करणं ही आपली निवड. कंपनीला दोष देऊ नका, कोर्टकचेरीच्या नादी लागू नका. सही करा, हात मिळवा, हसत बाहेर पडा, नवं काहीतरी शिका. शेवटी केएफसीच्या आजोबांची गोष्ट आली आणि टाळ्या पडल्या. मी वाजवल्या नाहीत. बायकोच्या ते लक्षात आलं, घरी येईपर्यंत ती गप्प होती.

वक्त्यांवर माझा राग नाही. असं बोलणारे आज पैशाला पासरी मिळतात आणि त्यातले बरेचसे मनापासून बोलतात. पण ‘सही करा’ हे त्यांनी ज्या सहजपणे म्हटलं, त्याचा समाचार घेतल्याशिवाय मला राहवणार नाही. कारण मी सही केली होती.

मंगळवार होता. पीडीआयच्या, म्हणजे माल रवाना होण्याआधीच्या तपासणीच्या टेबलावर माल लागला होता, ट्रक साडेपाचला सुटायचा होता. साडेतीनला वरून फोन आला, ‘सर, पाच मिनिटं येता का?’ मी एप्रनच्या खिशात व्हर्नियर तसाच ठेवून जिना चढलो. मीटिंगच्या खोलीत तिघं होते. त्यातला एचआरचा मुलगा माझ्या थोरल्या मुलीच्या वयाचा. चहा आला. मग एक छापील कागद समोर सरकला. माझं नाव, माझा एम्प्लॉयी नंबर, आणि खाली, ‘मी वैयक्तिक कारणास्तव माझ्या पदाचा राजीनामा तत्काळ प्रभावाने देत आहे.’ माझा राजीनामा मी पहिल्यांदा वाचत होतो. मुलगा म्हणाला, ‘सर, प्लीज हे पर्सनली घेऊ नका.’

गंमत बघा. तोंडाने सांगतात वैयक्तिक घेऊ नका आणि कागदावर लिहून घेतात वैयक्तिक कारणास्तव.

मी विचारलं, नाही केली सही तर? मग टर्मिनेशन होईल, रिलीव्हिंग लेटर मिळणार नाही, पुढच्या कंपनीने चौकशी केली तर आम्हाला खरं ते सांगावं लागेल. खरं ते काय, हे मी विचारायला हवं होतं. नाही विचारलं. ‘आज संध्याकाळपर्यंतच ही ऑफर आहे,’ असं कळलं. सही झाल्याबरोबर त्याच टेबलावर, त्याच मिनिटाला ‘राजीनामा स्वीकृत’ असं पत्र हातात पडलं. तेही आधीच छापलेलं होतं.

ही घाई का, ते मला नंतर समजलं. राजीनामा अमलात येण्याआधी तो मागे घेता येतो, हे तत्त्व सर्वोच्च न्यायालयाने १९७८ साली एका गाजलेल्या निकालात मांडलं. तो राजीनामा दिला होता अलाहाबाद उच्च न्यायालयाच्या एका न्यायमूर्तींनी. पुढची तारीख टाकून दिला आणि ती तारीख उजाडण्याआधी मागे घेतला. न्यायमूर्तींनासुद्धा फेरविचाराला अवधी लागला. आमच्यासारख्यांना तो मिळू नये, म्हणून तर ‘तत्काळ प्रभावाने’ आणि म्हणून ते टेबलावरचं स्वीकृतीपत्र. तेव्हा वक्ते ज्याला ‘हसत बाहेर पडणं’ म्हणतात, ती जागा समोरच्याने आधी आखून ठेवलेली असते. आपण फक्त हसायचं असतं.

अमेरिकेचं उदाहरण वक्त्यांना आवडतं, म्हणून तिथलंच देतो. तिथे चाळिशीपुढच्या नोकरदाराला वयावरून डावलायला १९६७ सालच्या कायद्याने बंदी आहे. ‘वयाच्या कारणावरून दावा करणार नाही’ असं अशा माणसाकडून लिहून घ्यायचं, तर त्याला विचार करायला किमान २१ दिवस द्यावे लागतात. एकदम बऱ्याच जणांना काढत असतील तर ४५. आणि सही केल्यावरही सात दिवसांत ती मागे घेता येते. ही दुरुस्ती १९९० ची. मला चहा संपेपर्यंतचा वेळ मिळाला. आपल्याकडे खासगी नोकरीत वयावरून डावलण्याला बंदी घालणारा असा कायदाच नाही. जाहिरातीत खुशाल ‘वय ३५ पर्यंत’ छापतात आणि आपण ते पावसाच्या अंदाजासारखं वाचून पान उलटतो.

आता केएफसीचे आजोबा. ही गोष्ट माझ्या व्हॉट्सअॅपवर, नोकरी गेली त्या वर्षी, अकरा जणांनी पाठवली, दोघांनी सूर्योदयाच्या चित्रासह. कर्नल सँडर्स यांना उतारवयात कुणी नोकरीवरून काढलं नव्हतं. त्यांचं स्वतःचं हॉटेल होतं. नवा महामार्ग गावाला वळसा घालून गेला, गिऱ्हाईक तुटलं आणि १९५६ मध्ये ते विकावं लागलं. शिवाय चिकनची पहिली फ्रँचायझी त्यांनी त्याआधीच, १९५२ मध्ये दिली होती. आणि गोष्टीतला जो भाग सांगणारे भरभर उरकतात तो असा, की त्यांच्या हातात सरकारी सामाजिक सुरक्षेचा दरमहा १०५ डॉलरचा चेक होता. आजच्या हिशेबाने हजार डॉलरच्या वर. म्हणजे म्हाताऱ्याने जिद्द दाखवली हे खरं, पण पोटाची सोय सरकारने केलेली असताना दाखवली.

आपली सोय काय? ईपीएस-९५ ही पेन्शन योजना. सूत्र सोपं आहे: पेन्शनपात्र पगार गुणिले नोकरीची वर्षं, भागिले सत्तर. पगाराची मर्यादा १५,००० रुपये. माझी सत्तावीस वर्षं सगळी त्या मर्यादेने धरली तरी महिना ५,७८६ रुपये होतात. ते अठ्ठावन्नाव्या वर्षी. आधी हवं असेल तर दर वर्षामागे चार टक्के कापतात. मला त्रेपन्नाव्या वर्षी घरी बसवलं, म्हणजे वीस टक्के गेले, उरले ४,६२९. प्रत्यक्षात याहूनही कमी, कारण सप्टेंबर २०१४ आधीची वर्षं ६,५०० च्या मर्यादेने मोजतात. एवढ्या पैशांत आजोबांनी चिकनचा मसालासुद्धा आणला नसता. वक्त्यांचे दुसरे लाडके म्हणजे स्टीव्ह जॉब्ज. १९८५ साली अॅपलमधून बाहेर पडले तेव्हा ते तीस वर्षांचे होते आणि कोट्यधीश होते. तीस आणि त्रेपन्न यांत फक्त तेवीस वर्षांचा फरक नसतो. त्यात गृहकर्जाचे उरलेले हप्ते असतात, आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन असतं, धाकटीच्या कॉलेजची फी असते.

‘पॅकेज’ हा शब्दही वक्त्यांनी दोनदा वापरला. कंपन्या हल्ली चांगलं पॅकेज देतात, म्हणाले. माझं सांगतो. कागदावर आकडा होता साडेअकरा लाख. खाली चार ओळी. ग्रॅच्युइटी सहा लाख चोपन्न हजार. ती तर १९७२ पासून कायद्याने मिळते, राजीनामा दिला तरी मिळते, पाच वर्षं झाली की ती आपली. शिल्लक रजेचे एक लाख चाळीस. त्या रजा मी ट्रक सुटावा म्हणून घेतल्या नव्हत्या. नोटीशीच्या दोन महिन्यांचे एक लाख नव्वद. ते नेमणूकपत्रातच होते. कंपनीने स्वतःच्या खिशातून घातलेली ओळ चौथी, ‘एक्स-ग्रेशिया’, एक लाख सहासष्ट हजार. सत्तावीस वर्षांना भागा. वर्षाला सहा हजारांच्या थोडं वर पडतात. दिवाळीला मिठाईचा खोका मिळायचा, तो वेगळा. माझेच पैसे माझ्याच समोर एका बेरजेत घालून मला देणगीसारखे दाखवले आणि मी ‘थँक यू’ म्हणालो. खरंच म्हणालो.

कामगारकपातीचा जो जुना कायदा होता, त्यात एक महिन्याची नोटीस आणि भरलेल्या प्रत्येक वर्षामागे पंधरा दिवसांचा सरासरी पगार, अशी भरपाई होती, ग्रॅच्युइटी सोडून. माझ्या पगारावर ती पावणेतेरा लाखांच्या वर जाते. शिवाय जो शेवटी लागला तो आधी जाईल, असाही नियम होता. मग हे मला का लागू नाही? कारण मी ‘कामगार’ नाही. मी डेप्युटी मॅनेजर.

इथे थोडं थांबतो, कारण खरी मेख इथे आहे. २०११ साली आम्हा नऊ जणांना एकाच दिवशी डेप्युटी मॅनेजर केलं. पेढे वाटले. व्हिजिटिंग कार्डं छापून आली, त्यातली ऐंशी अजून माझ्या कपाटात आहेत, किराण्याच्या याद्या त्यांच्या मागे लिहितो. काम तेच राहिलं. गेज लावायचं, बोअर मोजायचा, रिजेक्शनचा लाल टॅग बांधायचा, रिपोर्टवर सही करायची. माझ्या हाताखाली एक ट्रेनी असायचा. त्याची रजासुद्धा मंजूर करायचा अधिकार मला नव्हता. पण कायद्यातल्या व्याख्येतून व्यवस्थापकीय काम करणारा बाहेर पडतो, मग त्याचा पगार कितीही असो. पर्यवेक्षण करणाऱ्याचा पगार अमुक मर्यादेच्या वर असला की तोही बाहेर. ती मर्यादा जुन्या कायद्यात १०,००० होती. २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या नव्या औद्योगिक संबंध संहितेत १८,००० झाली. एकदा बाहेर पडलं की उरतं दिवाणी न्यायालय. तिथे गेलेली नोकरी सहसा परत मिळत नाही, कारण वैयक्तिक सेवेचा करार न्यायालय बळजबरीने पाळायला लावत नाही. भरपाई मिळते, तीही बहुधा नोटीशीच्या पगाराएवढी. म्हणजे पेढे खाल्ले त्या दिवशी आम्ही नऊ जणांनी स्वतःचं संरक्षण गिळलं होतं.

अर्थात न्यायालयं कार्डावरचं पद बघत नाहीत, हाताने काय काम करत होता ते बघतात. १९८४ च्या एका निकालात ‘सिक्युरिटी इन्स्पेक्टर’ असं भारदस्त पद असलेला माणूस कामगार ठरला. पण हे सांगायला कुणीतरी जावं तर लागतं. वक्ते म्हणतात, जाऊच नका.

कोर्टात वर्षं जातात, हे त्यांचं म्हणणं खरं आहे. माझं प्रकरण अजून ‘कामगार की व्यवस्थापक’ याच पायरीवर आहे, आणि तारखेला जाऊन नुसतं बाकावर बसून परत यायचं म्हणजे काय, ते मला कुणी शिकवायला नको. मनस्तापाबद्दलही ते चुकीचं बोलले नाहीत. पहिले सहा महिने मी पहाटे साडेचारला उठून त्या खोलीतलं संभाषण नव्याने बोलायचो आणि प्रत्येक वेळी जिंकायचो. ते थांबायलाच हवं होतं. पण ‘वेळ लागतो’ यातून ‘म्हणून काहीच लिहून ठेवू नका’ हे कसं निघतं? औरंगाबादच्या एका प्राथमिक शिक्षिकेला संस्थेने काढलं. शाळा न्यायाधिकरणाने तिच्या बाजूने निकाल दिला, उच्च न्यायालयाने मधल्या काळाचा पगार नाकारला, आणि २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो परत दिला. काढणं बेकायदा ठरलं तर कामावर परत घेणं आणि मागचा पगार देणं हा सर्वसाधारण नियम, मालकाला स्वतःच्या चुकीचा फायदा मिळता कामा नये, असं सांगितलं. देशभरातले कामगार वकील आज त्या निकालाचा आधार घेतात. ती बाई हसत बाहेर पडली असती तर?

राजीनामा दबावाखाली घेतला असेल तर तो राजीनामा नव्हे, ती सेवासमाप्तीच, हेही न्यायालयांनी मानलेलं आहे. फक्त दबाव होता हे दाखवायचं ओझं आपल्या डोक्यावर. माझ्या वकीलबाईंचा पहिला प्रश्न होता, ‘त्याच रात्री मेल का नाही केला?’ मी म्हणालो, चौथ्या दिवशी रजिस्टर्ड पत्र टाकलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. ‘काका, मधले तीन दिवस काय करत होतात?’

मधले तीन दिवस मी वक्त्यांचाच सल्ला पाळत होतो. सकारात्मक होतो. शेजाऱ्यांना सांगत होतो, ‘व्हीआरएस घेतली.’ आमच्या भागात पन्नाशीच्या पुढच्या पुरुषांपैकी निम्म्यांनी व्हीआरएस घेतली आहे म्हणतात. खरी व्हीआरएस म्हणजे जाहीर योजना असते, निकष असतात, पाच लाखांपर्यंत करात सूट असते. आमची व्हीआरएस म्हणजे चहा आणि छापील कागद. पण शब्द सोयीचा आहे. मुलीच्या स्थळाकडचे विचारतात, वडील काय करतात? व्हीआरएस घेतलीय. बँकेतला माणूस विचारतो, मेहुणा विचारतो, सगळ्यांना तेच. कंपनीने माझ्याकडून एक खोटं एकदा लिहून घेतलं. पुढे ते मी रोज फुकटात सांगत होतो. ‘कंपनीला दोष देऊ नका’ हा सल्ला अमलात आणला की नेमकं हेच होतं. दोष हवेत विरत नाही. तो माणसाकडे येतो. मीच कुठे कमी पडलो, मीच नवं सॉफ्टवेअर शिकायला हवं होतं, माझंच इंग्रजी. टीसीएसने २०२५ च्या जुलैत बारा हजारांवर माणसं कमी करायचं जाहीर केलं आणि त्यातली बहुतेक मधल्या-वरच्या फळीतली असतील असं सांगितलं. या बारा हजारांची मनोवृत्ती एकाच तिमाहीत बिघडली होती की काय?

माझे मामा लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला, अडीच लाख माणसं बाहेर पडली, आणि मामांना पुढे कुणी ‘तुम्हाला काढलं’ असं पत्रसुद्धा दिलं नाही. गावी गेले, भात लावलं. सगळे सांगत, विसरा आता. मामींनी मात्र पत्र्याच्या ट्रंकेत तिकीट नंबरचा पास, ईएसआयचं कार्ड आणि पीएफची एक चिठ्ठी प्लास्टिकमध्ये गुंडाळून ठेवली होती. पुढे गिरणी कामगारांच्या घरांची योजना आली, २०१२ मध्ये म्हाडाची सोडत निघाली, तेव्हा प्रश्न एकच होता: १ जानेवारी १९८२ ला किंवा त्यानंतर तुम्ही पटावर होतात याचा पुरावा काय? ज्यांनी ‘विसरून’ ट्रंका रिकाम्या केल्या होत्या ते दाखल्यासाठी वणवण फिरले. मामांना घर लागलं नाही, सोडतीत नावच निघालं नाही. पण अर्ज तरी वैध ठरला. मामी अजून सांगतात, ‘आमचा फॉर्म पास झाला हो.’

माझ्याकडेही एक कागद आहे, म्हणजे कंपनीकडे आहे. सही करून मी खाली उतरलो, डब्याची पिशवी घेतली आणि गेटवर आलो. सिक्युरिटीतला माणूस माझ्या ओळखीचा, बारा वर्षं सलाम करायचा. त्या दिवशी त्याला वरून फोन आला होता. पिशवी तपासताना तो माझ्याकडे बघत नव्हता. एप्रन काढून द्यायला लागलो तर खिशातून व्हर्नियर निघाला. तो बिचारा गोंधळला. चोरी म्हणू शकत नाही, सोडूही शकत नाही. मग त्याने रजिस्टर उघडलं आणि नीट अक्षरात लिहिलं: माझं नाव, ‘व्हर्नियर एक नग, कंपनी मालकीचा, जमा’, बाहेर जाण्याची वेळ १६.५०, आणि शेऱ्याच्या रकान्यात ‘एचआरच्या सूचनेवरून’. मी सही केली. त्या दिवशीच्या माझ्या दोन सह्यांपैकी खऱ्या मजकुराखालची ती एकच. सत्तावीस वर्षांत मी शिफ्ट सुटायच्या आधी गेट कधी ओलांडलं नव्हतं. वैयक्तिक कारण सुचून, राजीनामा लिहून, तो मंजूर करून घेऊन ऐंशी मिनिटांत मी बाहेर कसा, याचं उत्तर कंपनीला द्यायचं आहे. ते रजिस्टर हजर करावं, असा अर्ज आम्ही दिला आहे.

व्याख्यानानंतर प्रश्नोत्तरं झाली. मी उठून विचारलं, ‘सही करण्याआधी किती दिवस मागावेत?’ वक्ते हसले. म्हणाले, ‘तुमच्या प्रश्नातच जरा निगेटिव्हिटी आहे.’ पुढच्या रांगेतले एक गृहस्थ माझ्याकडे वळून बघायला लागले. नोकरी हिंजवडीला, वय एक्कावन्न, राहतात आमच्याच बी विंगमध्ये.

दुसऱ्या दिवशी रात्री साडेनऊला त्यांनी बेल वाजवली. हातात प्रिंटआउट होता, सोमवारपर्यंत मुदत. बायकोने चहा टाकला. आम्ही जेवणाच्या टेबलावर कागद पसरला. चौथ्या ओळीत तेच दोन शब्द होते, या वेळी इंग्रजीत. त्यांनी विचारलं, ‘मग काय लिहू?’ मी म्हटलं, जे झालं ते लिहा. कोण कोण खोलीत होतं, किती वाजता बोलावलं, काय म्हणाले, तुम्हाला नोकरी सोडायची आहे का नाही. ते बराच वेळ लॅपटॉपकडे बघत राहिले. मग एकेका बोटाने टाइप करायला लागले. पहिलं वाक्य खोडून पुन्हा लिहिलं. तिसऱ्यांदा लिहिताना त्यांनी मान वर न करता विचारलं, ‘एचआरच्या त्या मुलीचं नाव लिहू का? तिची काही चूक नाही हो, तिला सांगितलं तसं ती बोलली.’

मी म्हटलं, लिहा. तेही लिहा.